हे खापर कुठलं? अणुभट्टीला विचारलेला एक जुना प्रश्न

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही फाउंड्रीत 'स्पेक्ट्रो' हा शब्द रोज कानावर पडतो. हीट तयार झाली की वितळलेल्या लोखंडाचा नाण्याएवढा तुकडा ओतायचा, घासून सपाट करायचा, मशीनवर ठेवायचा. एक ठिणगी पडते आणि मिनिटाभरात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक यांचे आकडे कागदावर येतात. शेजारी ग्राहकाचं स्पेसिफिकेशन लावलेलं असतं. आकडा त्या मर्यादेत बसला तर माल पुढे, नाही बसला तर हीट थांबवली.

आता या मशीनच्या जागी दोन हजार वर्षांपूर्वीच्या रांजणाचं खापर आहे असं समजा. आकडे इथेही मिळतील. पण शेजारी लावायला स्पेसिफिकेशन नाही. कुंभाराने ते लिहून ठेवलेलं नाही, व्यापाऱ्याने चलन जपलेलं नाही. मग अ‍ॅल्युमिना १५ टक्के आला काय आणि १६ आला काय, तुम्ही कशाशी ताडून बघणार?

आपल्याकडे भौतिक किंवा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून पुरातत्त्वाकडे वळणारे बरेच विद्यार्थी इथेच अडखळतात. तंत्र येतं, पण तंत्राला काय विचारायचं ते ठरलेलं नसतं. म्हणून आज तंत्राचा इतिहास सांगतो आणि त्यातून महाराष्ट्रातली खापरं आणि मणी यांच्याबद्दल खरंच काय कळलं तेही सांगतो.

सुरुवात १९३६ सालची, कोपनहेगनची. जॉर्ज द हेवेशी आणि हिल्डे लेव्ही यांनी रेडियम-बेरिलियमच्या स्रोतातून निघणारे न्यूट्रॉन दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या नमुन्यांवर सोडले. न्यूट्रॉन गिळलेलं केंद्रक किरणोत्सारी होतं आणि ठरावीक अर्धायुष्याने विझत जातं. ते अर्धायुष्य मोजून दोघांनी इट्रियममध्ये लपलेलं डिस्प्रोसियम शोधलं. न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषण म्हणतात ते हेच. पुढची वीस वर्षं इतिहासाशी त्याचा काही संबंध आला नाही, कारण भरपूर न्यूट्रॉन द्यायला अणुभट्टी लागते आणि अणुभट्ट्या तेव्हा वेगळ्याच कामाला जुंपलेल्या होत्या.

१९५६ च्या मार्चमध्ये प्रिन्स्टनला रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या पुढाकाराने पुरातत्त्वज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ एकत्र बसले. भूमध्य समुद्राकाठच्या खापरांवर अणुभट्टीतले न्यूट्रॉन सोडून त्यांचं मूळ सांगता येईल का, हा विषय होता. ब्रूकहेवन प्रयोगशाळेतल्या एडवर्ड सेयर आणि रिचर्ड डॉडसन यांनी ते करून दाखवलं आणि १९५७ साली निष्कर्ष छापले. त्याच १९५६ च्या ४ ऑगस्टला तुर्भ्याची 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली, आशियातली पहिली. आणि त्याच सुमाराला, १९५४ ते १९५६ या हंगामांत, डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी प्रवरेकाठी नेवाशाला खणत होते. म्हणजे प्रश्न नेवाशाच्या मातीत, यंत्र तुर्भ्याला, आणि दोघांना जोडणारी कल्पना प्रिन्स्टनला. तिन्ही एकाच वर्षातल्या. आपल्याकडे त्यांची गाठ पडायला पुढे बराच काळ गेला, याची मला नेहमी थोडी चुटपुट वाटते.

तंत्र थोडक्यात. ५० ते २०० मिलिग्रॅम भुकटी पॉलिथिनच्या पिशवीत किंवा क्वार्ट्झच्या नळीत बंद करून, रचना माहीत असलेल्या प्रमाण नमुन्यांसोबत अणुभट्टीत ठेवायची. बाहेर काढली की जर्मेनियमच्या डिटेक्टरवर गॅमा किरण मोजायचे. ऊर्जेवरून मूलद्रव्य कळतं, किरणांच्या संख्येवरून प्रमाण. अ‍ॅल्युमिनियम-२८ सव्वादोन मिनिटांत निम्मं होतं, म्हणून ते लगेच मोजायचं. मँगनीज-५६ अडीच तासांचं. स्कँडियम-४६ तब्बल ८४ दिवसांचं, ते निवांत मोजता येतं. एकाच चिमटीतून पंचवीस-तीस मूलद्रव्यं मिळतात आणि त्यातली बरीच पीपीएम पातळीवरची. कुंभाराला किंवा काच करणाऱ्याला जी ठाऊकच नव्हती आणि म्हणून ज्यांच्यात तो ढवळाढवळ करू शकला नाही, नेमकी तीच.

काचेत एक अडचण येते. प्राचीन भारतीय काचेत सोडा भरपूर असतो, पंधरा टक्क्यांच्या आसपासही असू शकतो. त्यामुळे सोडियम-२४ इतकं तळपतं की बाकी काही दिसत नाही. त्याचं अर्धायुष्य १५ तास. दहा अर्धायुष्यं, म्हणजे सहा-सात दिवस, वाट पाहिली तर ते हजारपट मंदावतं. शिवाय दोन मूलद्रव्यांच्या बाबतीत हे तंत्र जवळपास आंधळं आहे. एक शिसं आणि दुसरं चक्क सिलिकॉन, ज्याची काच बनते तेच. सिलिकॉनला वेगवान न्यूट्रॉन लागतात. पुण्याच्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या न्यूट्रॉन जनरेटरवर अनेक वर्षं काम झालं, ते न्यूट्रॉन या जातीचे.

आता आपल्या मातीकडे वळू, कारण दख्खनमध्ये हा प्रश्न मुळातच अवघड आहे.

या पद्धतीमागे एक गृहीतक आहे. १९७७ साली वायगँड, हारबॉटल आणि सेयर यांनी ते स्पष्ट मांडलं: एका स्रोतातल्या मातीत जेवढा फरक असतो, त्यापेक्षा दोन स्रोतांमधला फरक जास्त असला पाहिजे. तसं असेल तरच मूळ सांगता येतं. महाराष्ट्राचा बराचसा भाग मात्र एकाच खडकावर बसलाय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट, आज उरलेला पसारा जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर. त्याच्यापासून बनलेली काळी माती घोड, भीमा, प्रवरा, गोदावरी या सगळ्यांच्या काठी वरवर सारखीच. लोह, टायटॅनियम, अ‍ॅल्युमिना यांचे आकडे घेऊन इनामगावचं खापर आणि दायमाबादचं खापर वेगळं करायला गेलात तर हात चोळत बसाल.

आणि वेगळं करायचं कारण भक्कम आहे. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं गाव, १९५०-५१ च्या उत्खननामुळे एका अख्ख्या संस्कृतीला त्याचं नाव मिळालं. जोर्वे भांडी म्हणजे तांबूस पृष्ठभाग, वर काळी नक्षी, तोटीचे चंबू, कडेला धार असलेले वाडगे, आणि भाजणी अशी पक्की की टिचकी मारली तर खणखणतात. इसवी सनापूर्वी १४०० ते १००० या काळात ती शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात सापडतात आणि एकसारखी दिसतात. मग प्रत्येक गावात आवा होता आणि कुंभार एकाच शैलीत घडवत होते, की काही मोजक्या गावांतून भांडी फिरत होती? पहिलं खरं असेल तर शैली फिरत होती, म्हणजे माणसं, लग्नसंबंध, शिकणं. दुसरं खरं असेल तर बाजार होता. उत्तर काय येतं त्यावर दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांचं समाजचित्र बदलतं. नुसतं भांडं बघून हे कळत नाही.

वाट आहे, पण ती अल्पांश मूलद्रव्यांतून जाते. बेसॉल्टचे थरही सगळे सारखे नाहीत. भूशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात सह्याद्रीतले लाव्हाचे थर बेरियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम, टायटॅनियम यांच्या प्रमाणांवरून वेगवेगळ्या गटांत लावले. नदी ज्या थरांतून उतरते त्यांची छाप गाळात यायला हवी. मात्र कुंभार नुसता गाळ वापरत नाही. तो त्यात राख घालतो, लीद घालतो, वाळू घालतो. वाळूने सगळी प्रमाणं एकदम खाली येतात, म्हणून नुसते आकडे न ताडता त्यांची आपसातली गुणोत्तरं बघावी लागतात. स्कँडियमला लँथॅनमने भागा, थोरियमला क्रोमियमने भागा. क्वार्ट्झची वाळू वर आणि खाली सारखीच पातळ करते, गुणोत्तर टिकतं. वाळू बेसॉल्टचीच असेल तर मात्र हा हिशेब चालत नाही. म्हणून आधी खापराचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघा. हे मी माझ्या प्रत्येक ज्युनियरला सांगतो आणि बहुतेकांना ते कंटाळवाणं वाटतं.

आकड्यांनी खरंच जुनं मत उलटवलं, असं एक उदाहरण देतो. रुलेटेड वेअर म्हणजे गुळगुळीत पातळ थाळ्या, तळाला दातेरी चाकाने उमटवल्यासारखी वर्तुळं. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलरला त्या पुदुच्चेरीजवळ अरिकमेडूला मिळाल्या आणि त्यांची प्रेरणा भूमध्य समुद्राकडची ठरली. नेवाशासारख्या दख्खनच्या स्थळांवरही त्या सापडतात, त्यामुळे 'रोमन संपर्क' या शब्दाला आणखी वजन आलं. पुढे इंडोनेशियात बालीच्या सेंबिरानला तसेच तुकडे मिळाले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूट्रॉन सक्रियण आणि क्ष-किरण विवर्तन वापरून ते अरिकमेडूच्या तुकड्यांशी ताडले, तर जुळले. म्हणजे माल भारतीय, आणि तो बालीपर्यंत पोचलेला. १९९७ साली डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी विवर्तनाच्या आधारावर स्रोत बंगालमधला चंद्रकेतुगड-तामलुक भाग असल्याचं मांडलं. २००५ मध्ये फोर्ड, पोलार्ड, कॉनिंगहॅम आणि स्टर्न यांनी रासायनिक विश्लेषण करून या थाळ्या एकाच भूगर्भीय उगमाच्या असल्याचं दाखवलं, पण तो उगम नेमका कुठे यावर वाद चालू राहिला. बघा, 'हे सगळे एकाच ठिकाणचे' हे पक्कं झालं, 'ते ठिकाण हे' मात्र झालं नाही. ही दोन वेगळी वाक्यं आहेत. सिनॉप्सिस लिहिताना विद्यार्थी दुसरं वाक्य लिहितो आणि हातात पुरावा पहिल्याचा असतो.

'रोमन' या शब्दाबद्दलही जरा जपून. पश्चिम भारतात अँफोरा म्हणून नोंदलेल्या अनेक खापरांची रोबर्टा टॉम्बर यांनी पुन्हा तपासणी केली. त्यातली बरीच मेसोपोटेमियातल्या 'टॉर्पेडो' रांजणांची निघाली, आतून डांबराचा लेप असलेली. इटलीतल्या नेपल्सच्या बाजूचे अँफोरा वेगळे, त्यांच्या मातीत ज्वालामुखीची काळी वाळू दिसते. हे काम मुख्यतः भिंग आणि अनुभवाच्या जोरावर झालं, अणुभट्टीशिवाय. आपल्या गावात रोमन येत होते असं म्हणायला सगळ्यांनाच आवडतं. इराणच्या आखातातून माल येत होता, हेही काही कमी नाही.

काचेची गोष्ट मात्र मला सगळ्यात जास्त ओढून घेते.

महाराष्ट्रात प्राचीन काचेचा अभ्यास मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांच्यापासून सुरू करावा लागतो. सांकलियांबरोबर १९४५-४६ मध्ये कोल्हापूरची ब्रह्मपुरी खणणारे हेच. त्यांचा भारतीय काचेचा इतिहास मुंबई विद्यापीठाने १९६९ साली छापला. मणी, बांगड्या, कुप्या यांचं एवढं तपशीलवार वर्गीकरण आजही उपयोगी पडतं. पण आकार आणि रंगावरून मणी कुठला ते सांगणं फार धोक्याचं. लाल, पिवळे, निळे, काळे बारीक मणी, काचेची नळी ओढून तिचे तुकडे पाडून केलेले, दोन हजार वर्षं जवळजवळ तसेच राहिले आणि दक्षिण आफ्रिकेपासून इंडोनेशियापर्यंत पसरले. डोळ्यांना त्यांच्यात फरक दिसत नाही.

आफ्रिकेत सापडलेल्या अशा मण्यांवर क्लेअर डेव्हिसन यांनी बर्कलीला न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषण केलं. १९७२ चा तो पीएच.डी. प्रबंध आहे. एका विद्यार्थिनीने, एका अणुभट्टीच्या भरवशावर, हिंदी महासागराच्या व्यापाराला रसायनाची चौकट दिली. तुमच्या वयाच्या माणसाने केलेलं काम आहे, एवढंच सांगून पुढे जातो.

आता चौल. अलिबागच्या दक्षिणेला, रेवदंड्याला लागून. पेरिप्लसमध्ये सेमुल्ला, अरबांच्या लिखाणात सैमूर, सोळाव्या शतकापासून शेजारी पोर्तुगीजांचा कोट. गोगटे यांच्या चमूने इथे उत्खनन केलं. तिथले मणी आणि केनियाच्या किनाऱ्यावरचे मणी यांचं विश्लेषण लॉर दुस्युबिओ, चापुरुखा कुसिंबा, गोगटे, बर्नार ग्रातुझ आणि सहकाऱ्यांनी २००८ साली 'आर्किऑमेट्री'त छापलं. तंत्र लेसरचं होतं. केसाच्या जाडीएवढा खड्डा पाडून त्यातली वाफ वस्तुमान वर्णपटमापकात नेतात, मणी जवळपास अखंड राहतो. निकाल असा. दक्षिण आशियाची सोडा-अ‍ॅल्युमिना काच दोन गटांत पडते. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकापासून पुढच्या पाचव्या शतकापर्यंत श्रीलंका आणि दक्षिण भारतात मिळणारी: बेरियम जास्त, युरेनियम कमी. आणि नवव्या ते एकोणिसाव्या शतकातली, भारताचा पश्चिम किनारा आणि पूर्व आफ्रिका इथली: युरेनियम जास्त, बेरियम कमी. चौलचे मणी आणि केनियाचे मणी या दुसऱ्या घरात एकत्र येतात.

युरेनियम म्हटल्यावर दचकू नका. एकोणिसाव्या शतकात बोहेमियात पिवळट-हिरव्या रंगासाठी काचेत मुद्दाम युरेनियम घालत, तो प्रकार वेगळा. चौलच्या काचेतलं प्रमाण पीपीएमच्या भाषेतलं, आणि काच करणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. ते कच्च्या मालातून आपोआप आलं. म्हणून तर ते साक्षीदार म्हणून चांगलं.

आणि इथे पुन्हा आपला बेसॉल्ट आठवा. बेसॉल्टमध्ये युरेनियम साधारण एक पीपीएमच्याही खाली असतं, ग्रॅनाइटमध्ये तीन-चार. शिवाय बेसॉल्टच्या वाळूत क्वार्ट्झ नावालाच, तिच्यापासून काच करायची म्हणजे कठीणच. चौल बेसॉल्टवर आहे. माझ्या मते याचा सरळ अर्थ असा की चौलला मणी ओढले जात असतीलही, पण त्यांची कच्ची काच तिथल्या वाळूची नसावी. कच्ची काच वितळवणं आणि तिचे मणी करणं हे दोन वेगळे धंदे आहेत, आणि जुन्या जगात ते बहुधा वेगवेगळ्या गावांत चालत. रसायन पहिल्या गावाबद्दल बोलतं. दुसऱ्याचा पुरावा म्हणजे भट्टीजवळचा कचरा: ओघळ, अर्धवट नळ्या, चिकटलेले मणी. 'चौलची काच' असं लिहिताना तुम्ही यातल्या कशाबद्दल बोलताय ते आधी स्वतःला विचारा.

अशा काचेवर न्यूट्रॉन सक्रियण करणार असाल तर एक सापळा सांगतो. युरेनियम-२३५ अणुभट्टीत फुटतं आणि त्यातून बेरियम-१४० निघतं, त्याचं पुढे लँथॅनम-१४० होतं. तुम्ही काचेतलं मूळ लँथॅनम मोजताय ते नेमक्या याच समस्थानिकावरून. मूळ लँथॅनमचा भाग ४० तासांत निम्मा होतो. फुटीतून येणारा मात्र १२.७५ दिवसांच्या बेरियमकडून भरला जात राहतो. सोडियम विझावं म्हणून तुम्ही आठवडाभर थांबलात की ही चूक वाढत जाते. सेरियमचंही असंच, फक्त तिथे ती वेळेनुसार बदलत नाही. दुरुस्तीचे गुणक अणुभट्टीतल्या जागेप्रमाणे ठरतात, ते शुद्ध युरेनियमचा प्रमाण नमुना सोबत ठेवून स्वतः काढायचे. पेपरमधले उचलायचे नाहीत.

मणी फोडायची परवानगी नसेल, आणि बहुतेकदा नसतेच, तर तुर्भ्याला दुसरी सोय आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या 'फोटिया' त्वरकावरून प्रोटॉनचा झोत टाकून सोडियम, अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन, फ्लोरिन, बोरॉन यांचे गॅमा किरण थेट मोजता येतात. अणुकचरा ज्या बोरोसिलिकेट काचेत बंद करतात त्या जातीच्या काचांसाठी तिथे ही पद्धत वापरली गेली आहे. मर्यादा एवढीच की प्रोटॉन मिलिमीटरभरही आत शिरत नाही. शेकडो वर्षं ओल्या मातीत पडलेल्या काचेच्या सालीतून सोडा निघून गेलेला असतो. ताजा टवका उडालेली कड मिळाली तर तीच झोतासमोर धरा.

परवानगीचा अर्ज लिहिताना संग्रहालयाला एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते: अणुभट्टीतून आलेली भुकटी परत मिळणार नाही. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं, युरोपियम-१५२ चं साडेतेरा. म्हणून अर्धा तुकडा न दळता, थर आणि नोंद क्रमांकासह मागे ठेवायचा. भुकटी करताना टंगस्टन कार्बाइडचं ड्रिल टाळा, कारण त्यातला कोबाल्ट नमुन्यात उतरतो. अगेटचा खल घ्या. जुनी अप्सरा २००९ मध्ये बंद झाली, २०१८ च्या सप्टेंबरात तिच्या जागी अप्सरा-यू सुरू झाली, आणि मोठ्या कामाला ध्रुव आहे. विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने तिथे पोचण्यासाठी यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमच्या मुंबई केंद्रापासून चौकशी सुरू करावी.

शेवटी विषय शोधत असलेल्यांसाठी एक. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरातून सोडायुक्त खार काढत असत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ऐन-ए-अकबरीत त्या भागाबद्दल अशी नोंद आहे की काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथे मिळतं. युरेनियम अल्कधर्मी, कार्बोनेटयुक्त पाण्यात चांगलं विरघळतं आणि पाणी आटलं की खारासोबत मागे राहतं, त्यामुळे उत्तरेकडच्या चोपण जमिनीवरच्या रेहमधून ते काचेत आलं असण्याची शक्यता आहे. लोणार मात्र चारी बाजूंनी बेसॉल्टमध्ये. तिथला खार, तिथल्या ओढ्यांची वाळू आणि ब्रह्मपुरीसारख्या स्थळांवरच्या बहामनी काळातल्या बांगड्यांचे तुटके तुकडे, असे तीन डबे शेजारी ठेवा. बेरियम, युरेनियम, थोरियम आणि स्कँडियम मोजा. बांगड्यांची काच लोणारच्या खाराची असू शकत नाही, एवढं जरी सिद्ध झालं तरी एक प्रकरण लिहून होईल.